तीनडोळी राणी माझ्या पोटात होती

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. बटणांची पेटी. मला डबा म्हणू नका, ते मला खपत नाही. डब्यात पीठ असतं. माझ्या पोटात एक अख्खं राज्य होतं, तीन दरबार होते आणि एक राणी होती. आता बूडही नाही आणि झाकणही नाही. उरल्यात त्या चार भिंती, त्याही गंजलेल्या. पण ताठ उभी आहे, एवढं लक्षात ठेवा.

मित्रांनो, मला लिहिता-वाचता येत नाही. अंगावर सोनेरी अक्षरं छापलेली होती, ती काय होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण कान शाबूत आहेत. जे सांगणार आहे ते अकरा वर्षं माझ्या ओठांवर होतं. आणि मला ओठ नाहीत, हीच सगळी गोष्ट आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मी नुसता सपाट पत्रा होते. यंत्राने एक दणका दिला आणि मला कोपरे आले. दुसऱ्या दणक्याला बूड आलं, मध्ये थोडं उंच आणि कडेने बारीक खोलगट खाच. ही खाच लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिथे झाला. झाकणावर दोन घोड्यांची गाडी होती आणि गाडीत छत्री घेतलेली बाई. दिसायला मी चांगली होते, उगाच कशाला नाही म्हणू? आधी माझ्यात बिस्किटं होती, ती आठवडाभरात फस्त झाली. मग मला शिवणकाम करणाऱ्या एका बाईने उचललं. ती म्हणाली, "पेटी मजबूत आहे. टाकायची नाही." आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक हेच.

तिला दोन मुली. सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची आणि बाईला त्यांची आई, म्हणून मीही तसंच म्हणते. आईने माझ्या बुडाला खळ लावून जाड तपकिरी कागद चिकटवला. बटणं पत्र्यावर घासू नयेत म्हणून. मग त्यात कोटांची, गणवेशांची, उशांच्या अभ्र्यांची, मेलेल्या माणसांच्या सदऱ्यांची बटणं येऊन पडली. आईला हवं ते बटण न बघता सापडायचं. तिची बोटं माझ्या पोटात फिरायची तेव्हा मला वाटायचं, आपण कामाच्या आहोत. दुसरं काय हवं असतं?

मुली मोठ्या झाल्या. थोरली नकाशे काढायच्या कचेरीत लागली. धाकटी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एका रविवारी दुकान बंद असताना थोरली मागच्या खोलीत आली. "आई, पेटी दे."

"कशाला?"

"लोक हवेत."

"पेटीत लोक नाहीत, बटणं आहेत."

"तेच."

आईने तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती उलटी बाही शिवून आणणाऱ्या शिकाऊ पोरीकडे पाहायची. पण पेटी दिली.

तो एक खेळ होता. सोंगट्यांचा नव्हे. एक जण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होऊन बोलतात, वागतात, आणि जे जमेल की नाही अशी शंका असेल ते फासे टाकून ठरवतात. जग सांगायची थोरली. खेळायला धाकटी आणि आमच्या गल्लीत पत्रं वाटणारा पोस्टमन. थोरलीला पऱ्यांचं राज्य रचायचं होतं.

"पंखवाल्या?" आईने कापड बेतता बेतता विचारलं.

"पंख-बिंख नाहीत, आई. टेकडीच्या पोटात राहणारे लोक. आपल्यासारखेच दिसतात, पण त्यांचे कायदे वेगळे."

"मग पऱ्या कशाला म्हणायचं? सासरचे लोक म्हण की."

पोस्टमन इतका हसला की फासे टेबलाखाली गेले.

आणि ती टेकडी म्हणजे मी. झाकण उघडलं की टेकडीचं दार उघडलं. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

थोरली काम करायची ते बघण्यासारखं असायचं. बटणं टेबलावर पसरायची, एकेक उचलून उजेडात धरायची आणि पुटपुटायची. धाकटी घाई करायची, "राजाचा मुकुट कसला करू या?" तेव्हा थोरली तिला दटावायची. "मुकुट शेवटी. आधी त्याला काय हवंय ते ठरव. ज्याला काहीच नकोय तो राजा नव्हे, पुतळा." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं. पुढे तेच तिच्या अंगाशी आलं.

गणवेशांची पितळी बटणं म्हणजे पितळी दरबार. त्यांचा राजा घड्याळ हातात घेऊन दारात उभा. टेकडीत काळ नाहीच, त्यामुळे तिथे कोणाला उशीर होत नाही आणि लवकरही होत नाही. राजाला एवढंच हवं होतं, की कोणीतरी धापा टाकत यावं आणि उशीर झाला म्हणून त्याची माफी मागावी. पोस्टमन पहिल्यांदा त्या दरबारात गेला आणि सवयीने म्हणाला, "माफ करा, आज टपाल उशिरा आलं." राजाने त्याला अर्धं राज्य दिलं. पोस्टमन म्हणाला, "कामावर ह्याच वाक्याला शिव्या मिळतात हो."

शिंपल्यांची बटणं म्हणजे पाणथळ दरबार. त्यावर राज्य करायची पाणआत्या. बोलायला गोड, आग्रहाला पक्की. तिच्याकडे कोणी 'आभारी आहे' म्हटलं की तो तिथला कायमचा चाकर. तिला काय हवं होतं? आलेला पाहुणा जाऊ नये, एवढंच. ती दुष्ट नव्हती. एकटी होती.

तिसरा दरबार टिचबटणांचा. तो धाकटीचा लाडका. टिचबटण एकटं कामाचं नसतं, त्याला जोडी लागते. तिथे एक राजा नव्हताच, दोघी बहिणी राज्य करायच्या. एकीने वचन द्यायचं आणि दुसरीने ते पाळायचं. दिलेल्या वचनावरून त्या आपापसात रोज भांडायच्या आणि वेगळ्या झाल्या की दोघींचीही सत्ता जायची. ही कल्पना धाकटीची. थोरलीने ती ऐकली आणि वहीत लिहून घेतली. थोरलीने लिहून घेणं म्हणजे शाबासकी.

मग कायदे. तीनच, पण कडक. पहिला, टेकडीच्या झाकणावर हात ठेवून कोणी खोटं बोलायचं नाही. गप्प राहायची मुभा आहे, पण जो गप्प राहिला त्याने विचारणाऱ्याच्या दरबारात जायचं. दुसरा, दिलेला शब्द फिरवायचा नाही. तिसरा, टेकडी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. किती का बटणं बाहेर निघेनात, एक मूठ आत राहिलीच पाहिजे. रिकामी झाली की राज्य संपलं, सगळे लोक मेले, खेळ कायमचा बंद.

आता सांगते ते ऐका, कारण ह्याच्यावर सगळं आहे. एका रविवारी आईला एका गिऱ्हाइकाच्या कोटाला जोडीचं बटण हवं होतं. तिने मला उचललं आणि टेबलावर उपडी करायला निघाली. दोघी मुली एकदम ओरडल्या, "आई, नको!"

"काय झालं? साप आहे का आत?"

"तिसरा कायदा," धाकटी म्हणाली. "शपथ घे कधी उपडी करणार नाहीस. झाकणावर हात ठेव."

"पेटी माझी, बटणं माझी, दुकान माझं, आणि शपथ मी घेऊ?"

"आई. प्लीज."

आई कुरकुरली, बोटाचं अंगुस्तान काढलं आणि हात ठेवला. "नाही करणार उपडी. झालं? आता ते बटण शोधून द्या, नाहीतर गिऱ्हाइकाला तुमच्या पाणआत्याकडून कोट शिवून घ्या म्हणावं." आमची आई अशी, की एकदा बोलली म्हणजे बोलली. जगात ज्या एका बाईने मला सहज उपडी केली असती, तिचेच हात बांधले गेले.

मित्रांनो, झाकणावर इतके हात ठेवले गेले, की एका घोड्याचं तोंड पुसून गेलं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता राणी. ते बटण एका अनोळखी बाईच्या हिरव्या कोटाचं. बाई कोट दुरुस्तीला टाकून गेली आणि कधी परत आली नाही. गडद हिरव्या काचेचं, रुपयाएवढं. चार भोकं, पण एका भोकाची कड तुटलेली. तिन्ही डोळ्यांनी बघतंय असं वाटायचं. थोरलीने ते कोटावरून उसवलं आणि म्हणाली, "ही सगळ्यांच्या वरची. तीनडोळी राणी. ही कुठल्याच दरबाराची नाही. ही हुकूम करत नाही, फक्त विचारते."

राणीचा प्रश्न एकच. 'तुला काय हवंय?' खरं उत्तर दिलं तर ते मिळायचं आणि त्याबदल्यात काहीतरी जायचं. पोस्टमनला एकदा नवी सायकल मिळाली आणि घरचा पत्ता विसरायला झाला. थोरली राणीचं बोलायची तेव्हा आवाज बदलायचा नाही, फक्त हळू व्हायचा. आईसुद्धा मशीन थांबवून ऐकायची. विचारलं तर म्हणायची, "दोरा तुटला."

मग तो रविवार आला. टिचबटणांची दूत म्हणून धाकटी राणीपुढे उभी होती. थोरलीने झाकणावर हात ठेवून विचारलं, "तुला काय हवंय?"

धाकटीनेही हात ठेवला आणि हसली. "आधी तुम्ही सांगा. राणीसाहेब, तुम्हाला काय हवंय?"

थोरली गप्प.

पोस्टमन पुढे वाकला. मशीन थांबलं. थोरलीच्या तळव्याला घाम आला होता, मला झाकणावर ओलं लागलं. एवढे राजे रचले, एवढ्या राण्या रचल्या, प्रत्येकाला काय हवंय ते आधी ठरवलं. आणि सगळ्यांच्या वरच्या राणीचं ठरवायचं राहून गेलं होतं. आपल्याच वाक्याने तिने राणीचा पुतळा करून ठेवला होता.

"गप्प राहिलीस," धाकटी म्हणाली. "म्हणजे राणी आमच्या दरबारात. तुझाच कायदा."

"पुढच्या रविवारी," थोरली म्हणाली. "पुढच्या रविवारी तुझी."

"ताई, चिडलीस?"

"नाही." तेव्हा हात झाकणावर नव्हता.

सगळे उठल्यावर थोरलीने राणीला माझ्यात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आणि झाकण जरा जोरात दाबलं. मी हादरले. बुडाच्या कागदाची एक कड केव्हाची सुटली होती, खळ जुनी झाली होती. राणी घसरली, त्या सुटलेल्या कडेखाली गेली आणि खाचेत जाऊन चपखल बसली. मला गुदगुल्या झाल्या. मला वाटलं, असू दे, पुढच्या रविवारी काढतील.

पुढच्या रविवारी धाकटीने हात घातला. राणी नाही.

त्यांनी शोधलं हो, अगदी कसून. मुठी भरभरून बटणं ताटात काढली. पण एक मूठ आत ठेवलीच, कायदा होता ना. ती मूठ नेमकी त्याच कोपऱ्यात, त्याच कागदावर. आत राहिलेल्या बटणांमधून त्यांनी बोटं फिरवली. बोट राणीच्या अगदी वर आलं, मध्ये फक्त कागद. मी सगळं बळ लावलं. पत्र्याला बळ कुठे लावता येतं? एकदा 'टक्' असा आवाज केला, ऊन-सावलीत पत्रा करतो तसा. कोणी लक्ष दिलं नाही.

"उपडी करा की!" आई मशीनवरून म्हणाली. "मी शपथेत आहे म्हणून, नाहीतर आत्ता..."

"नाही!" दोघी एकदमच म्हणाल्या. शेवटचं एकमताने बोलल्या त्या हेच.

मग धाकटीने विचारलं, "ताई, लपवलीस?"

"मी? राणी तुझ्याकडे जाणार म्हणून तुलाच धीर निघाला नसेल. आठवडाभर दुकानात तूच होतीस."

"झाकणावर हात ठेव."

थोरलीने हात ठेवला. "मी घेतली नाही."

धाकटीने हात ठेवला. "मीही घेतली नाही."

मित्रांनो, दोघी खरं बोलत होत्या. म्हणूनच भांडण मिटेना. दोघींतली एक खोटी असती तर चार दिवसांनी कबूल झाली असती, रडली असती, मिटलं असतं. पण प्रत्येकीला आपण खरं बोललो हे पक्कं ठाऊक. मग दुसरीने काय केलं असेल? झाकणावर हात ठेवून खोटं बोलली असेल. बटणाचं कोणाला काय होतं? एका तुटक्या भोकाचं बटण. पण ज्या एका जागी कधीच खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तिथे बहीण खोटं बोलली, हे दोघींच्याही काळजाला लागलं.

पोस्टमन म्हणाला, "अहो, कुठेतरी पडली असेल, मी दुसरं हिरवं बटण आणून देतो." दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने टोपी घातली आणि गेला. चांगला माणूस. त्याची बदली झाली, पुन्हा दिसला नाही.

धाकटी दुसऱ्या गावी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर लागली. दोघी आईकडे यायच्या, पण थोरली सोमवारी आणि धाकटी गुरुवारी. दुसरीचं नाव काढायचं नाही. आई म्हणायची, "बरंय. दोन वेगवेगळ्या पोरी असल्यासारखं वाटतं. आठवड्याला एक भेट व्हायची, त्याच्या दोन झाल्या." असं म्हणून ती मशीन जरा जास्तच जोरात चालवायची.

एकदा तिने ताप आल्याचं सोंग केलं आणि दोघींना एकाच दिवशी बोलावलं. दोघी आल्या. थोरली खिडकीकडे तोंड करून बसली, धाकटी दाराकडे. आई मध्ये पांघरूण घेऊन.

"आई, औषध घेतलंस का?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या बहिणीला विचार, तिने दिलं का."

दोघींची तोंडं होती तिकडेच राहिली. थोड्या वेळाने आई उठली आणि तिने पांघरुणाची घडी घातली. "ताप उतरला. जा दोघी." त्या गेल्यावर तिने मला मांडीवर घेतलं. झाकण उघडलं. हात आत घातला, बोटं थेट बुडापर्यंत नेली. मला वाटलं, आता. आता हिला कळेल, हिच्या बोटांना सगळं कळतं. पण मध्ये कागद होता. तिने हात काढून घेतला, मला दोन्ही हातांत उचललं, थोडं तिरकं केलं. बटणं घरंगळली. आणि ती थांबली. शब्द दिला होता. मला परत फळीवर ठेवून दिलं.

मित्रांनो, त्या दिवशी मला जेवढं हतबल वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही. उत्तर पोटात आणि तोंड नाही. सांगणारी मी एकटी आणि मला विचारतंय कोण? आई स्वतःशी म्हणायची, "देवाला ठाऊक कुठे गेली." अगं बाई, देवाचं राहू दे, तुझ्या पेटीला ठाऊक आहे.

मग माझेही दिवस फिरले. लोक तयार कपडे घालू लागले, त्यांना चेन असते. बटण तुटलं तर कपडाच टाकतात. माझी फळी इस्त्रीच्या शेजारी होती, रोज वाफ लागायची. कोणी पुसलं नाही, कागद बदलला नाही. गंज लागला तो बुडाकडूनच. आधी ठिपका, मग डाग, मग खपली. जिथे राणी होती तिथे ओल जास्त धरायची. माझं बूड तिच्याभोवती हळूहळू कुजत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. अंगावर धूळ, पोटात राणी.

अकरा वर्षं गेली. आईला सुईत दोरा ओवता येईना. थोरलीकडे राहायला जायचं ठरलं आणि दुकान आवरायला काढलं. धाकटी गुरुवारी येऊन आपलं काम करून गेली होती. सोमवारी थोरली आली. केस पांढरे झाले होते तिचे थोडे. फळीवरून एकेक वस्तू काढत ती माझ्यापाशी आली आणि थांबली. मग दोन्ही हातांनी मला कडांना धरलं आणि उचललं.

भिंती वर गेल्या आणि बूड तिथेच राहिलं.

सगळी बटणं फरशीवर उधळली. पितळी दरबार मशीनखाली गेला, पाणआत्याचे लोक दाराबाहेर, टिचबटणं कुठे कुठे. एकसुद्धा आत उरलं नाही.

"मी नाही हं उपडी केली!" आई खुर्चीवरून ओरडली. "मी माझा शब्द पाळलाय. साक्षीला तूच आहेस."

थोरली खाली बसली. "संपलं, आई. टेकडी रिकामी झाली."

"टेकडी कसली, गंज आहे. झाडू आण."

थोरलीने माझं बूड उचललं. तपकिरी कागद खपली निघावी तसा सुटला. खाली, गंजात रुतून, राणी होती. तिन्ही डोळे उघडे.

थोरलीने बूड उजेडात धरलं. मग तिने नखाने राणीला सोडवलं, पदराला पुसलं आणि फोन लावला. मला फक्त ह्या बाजूचं ऐकू आलं.

"मी बोलतेय... हो, मीच... आई बरी आहे. ऐक. राणी सापडली... पेटीत... अगं पेटीतच, कागदाखाली... नाही, आम्ही काढली नाही. पेटी फुटली."

मग तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिकडून काय आलं, मला कसं कळणार? शेवटी म्हणाली, "ये."

दुपारी धाकटी आली. चपला न काढता आत आली आणि आईने त्यावरून बोलायचं सोडलं, म्हणजे बघा. टेबलावर राणी होती आणि माझं झाकण. धाकटीने राणीला हात लावला नाही. आधी झाकण पुढे ओढलं.

"हात ठेव," ती म्हणाली.

थोरलीने ठेवला. धाकटीनेही ठेवला.

"मी चोर आहे असं तुला खरंच वाटत होतं?"

गप्प राहायची मुभा होती. थोरली म्हणाली, "हो. अकरा वर्षं. आणि तुला?"

"मलाही."

हे ऐकायला कठीण होतं, मित्रांनो. राणी सापडली की सगळं धुऊन निघेल असं मला वाटायचं. तसं होत नाही. चोरी झालीच नव्हती, एवढं कळलं. पण बहिणीला चोर मानलं होतं, ते खरंच होतं, आणि ते कुठल्या कागदाखालून काढणार? नुसत्या भिंतींनी मी काय करणार होते? बघत राहिले.

"राणीला काय हवं होतं?" धाकटीने विचारलं. "तेव्हा तू सांगितलं नाहीस."

थोरलीने राणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या उरलेल्या भिंतींकडे. ती गप्पच राहिली. उत्तर मला माहीत होतं हो. अकरा वर्षं माझ्यापाशी होती ती राणी. तिला एवढंच हवं होतं, की कोणीतरी कायदा बाजूला ठेवून शोधावं. पण सांगणार कोण?

"गप्प राहिलीस," धाकटी म्हणाली. "जो गप्प राहिला त्याने विचारणाऱ्याच्या दरबारात जायचं."

"टेकडी रिकामी झालीय. राज्य संपलं."

"राज्य संपलं. पण 'पुढच्या रविवारी तुझी' हा तू दिलेला शब्द आहे, आणि शब्द फिरवायचा नाही, हा वेगळा कायदा आहे."

"कुठे यायचं?"

"माझ्या घरी. रविवारी. तू अजून पाहिलं नाहीयेस ना घर."

"अकरा वर्षांत एकदा तरी बोलवायचंस," आई म्हणाली, "म्हणजे मलाही तिथे दोघींना एकत्र बघता आलं असतं. पण माझं कोण ऐकतंय? मी तर फक्त पेटीची मालकीण."

कोणी हसलं नाही. पण धाकटीने चपला काढल्या.

संध्याकाळी बटणं गोळा करून त्यांनी काचेच्या बरणीत भरली. राणी धाकटीच्या पिशवीत गेली, ती तिचीच होती. झाकण थोरलीने उचललं, घोड्याच्या पुसलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि आपल्या पिशवीत टाकलं. मला कोणी उचललं नाही. मला ठेवून करायचं काय? मी मागच्या खोलीत खिडकीत उभी आहे. दुकानाला कुलूप आहे.

आज रविवार आहे. उन्हावरून सांगते, दुपार झाली असावी. थोरली गेली असेल का? दारापर्यंत जाऊन परत फिरली असेल का? दोघी टेबलाशी बसल्या असतील, की एक खिडकीकडे आणि एक दाराकडे? मला इथून काही दिसत नाही, आणि कोणी येऊन सांगणारही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर तिला वाफेजवळ ठेवू नका. वर्षातून एकदा पुसा. कागद बदला. आणि घरात काही हरवलं, आणि तुमचं माणूस डोळ्यात डोळे घालून म्हणालं, की मी घेतलं नाही, तर मेहेरबानी करून आधी पेटी उपडी करा. कायदा तुम्हीच केलेला असतो. माणूस तुम्ही केलेलं नसतं.

मी खिडकीतून कान देऊन बसले आहे. झाकण मात्र अजून परत आलेलं नाही.